ब्रेडबोर्डवर आठ बिटांचा संगणक: क्लॉकच्या एका ठोक्यापासून गुणाकारापर्यंत

संगणकाचं आर्किटेक्चर शिकताना एक वाक्य प्रत्येकाच्या वाट्याला येतं: ‘कंट्रोल युनिट सूचनेचा अर्थ लावतं आणि इतर भागांना योग्य ते संकेत पाठवतं.’ हे वाक्य पाठ होतं, चौकटी-बाणांची आकृती काढता येते, परीक्षेत गुणही मिळतात. पण ‘अर्थ लावतं’ म्हणजे नेमकं काय करतं, हे त्यातून कळत नाही. ते कळण्याचा मला माहीत असलेला सगळ्यात पक्का मार्ग म्हणजे तयार प्रोसेसर न वापरता, साध्या लॉजिक चिपांमधून एक छोटा संगणक स्वतः जोडणं. त्यात कंट्रोल युनिट म्हणजे सोळा तारा असतात. कुठल्या ठोक्याला त्यातली कुठली तार चालू, एवढाच प्रत्येक सूचनेचा अर्थ. तुम्ही क्लॉक (सगळ्या भागांना ताल देणारे ठोके) हाताने पुढे ढकलत असता आणि तो अर्थ एलईडींवर डोळ्यांसमोर उलगडत जातो.

या लेखातला संगणक आठ बिटांचा आहे, त्याची मेमरी १६ बाइटची आणि सूचना जेमतेम दहा. अँड, ऑर, नॉट ही गेट्स आणि द्विमान संख्या ओळखीच्या असतील तर बाकीचं बांधता बांधता समजतं.

सामान, आणि त्यातल्या दोन गोष्टी ज्यांवर काटकसर करू नये

चिप ७४एलएस मालिकेतल्या घ्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९६० च्या दशकात बाजारात आणलेल्या ७४०० मालिकेचं हे कमी वीज खाणारं रूप. ७४एचसी मालिकेतल्या चिपही मिळतात, पण दोन्ही एकत्र वापरताना सावध राहा: एलएसची ‘एक’ ही पातळी एचसीला पुरेशी उंच वाटेलच असं नाही. मिसळायच्याच असतील तर ७४एचसीटी घ्या.

काटकसर करू नये अशा गोष्टी म्हणजे ब्रेडबोर्ड आणि वायर. ८३० छिद्रांचे बारा-चौदा चांगले ब्रेडबोर्ड लागतील. हलक्या बोर्डांच्या आतल्या पट्ट्या सैल असतात आणि मग हात लागला की चालणारं, हात काढला की बंद पडणारं मशीन तयार होतं. वायर २२ गेजची, आत एकच तांब्याची तार असलेली हवी, आणि प्रत्येक तुकडा मापात कापून बोर्डाला चिकटून बसवायचा. हे दिसायला नीट म्हणून करायचं नाही. चूक शोधताना नजरेने तारेचा माग काढता यावा म्हणून करायचं. शेकडो तारांच्या जंजाळात हाच फरक निर्णायक ठरतो.

सप्लाय ५ व्होल्टचा, दोन अँपिअरचा पुरतो. ७४एलएस चिपांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. म्हणून प्रत्येक बोर्डाच्या पट्ट्या शेजारच्या बोर्डांना दोन-तीन ठिकाणी जोडा आणि सप्लायपासून सगळ्यात लांबच्या चिपवर मल्टिमीटर लावून पाहा. काही बोर्डांवर पॉवरची पट्टी मध्ये तुटलेली असते, तेही तपासा. प्रत्येक चिपच्या पॉवर आणि ग्राउंड पिनांच्या शक्य तितक्या जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा. याशिवायही मशीन काही काळ चालेल, पण मग अधूनमधून एखादा बिट उलटेल आणि त्याचं कारण शोधून सापडणार नाही.

एलईडीसोबत रेझिस्टर लावाच. एलएस गेटचं साधं आउटपुट ‘एक’ असताना ०.४ मिलिअँपिअर देण्याचीच हमी देतं. एलईडीने त्याहून बरंच जास्त ओढलं की व्होल्टेज खाली येतं, आणि ते २ व्होल्टच्या खाली गेलं तर पुढची चिप त्याला ‘एक’ मानेलच असं नाही. जे आउटपुट दुसऱ्या चिपकडे जातं, त्यावर १ किलोओम किंवा त्याहून मोठा रेझिस्टर ठेवा. हल्लीचे एलईडी तेवढ्या करंटवरही स्पष्ट दिसतात.

क्लॉक: आधी हाताने

सुरुवात क्लॉकपासून, कारण पुढचा प्रत्येक भाग त्याच्याच मदतीने तपासायचा आहे. ५५५ टायमर घ्या. वारंवारतेचं सूत्र १.४४ ÷ [(आर१ + २ × आर२) × सी]; आर१ आणि आर२ हे रेझिस्टर, सी हा कपॅसिटर. आर१ = १ किलोओम, सी = १ मायक्रोफॅरड, आणि आर२ च्या जागी १ किलोओमला जोडून १ मेगाओमचा पोटेन्शिओमीटर लावला, तर सेकंदाला एका ठोक्याहून कमीपासून सुमारे ४८० ठोक्यांपर्यंत वेग बदलता येतो. पिन ४ पॉवरला आणि पिन ५ ०.०१ मायक्रोफॅरडमधून ग्राउंडला जोडा.

याहून महत्त्वाचा दुसरा ५५५, बटणाचा. बटण दाबलं की त्याचे धातूचे टोक काही मिलिसेकंद थरथरतात आणि एका दाबण्यात अनेक ठोके जातात. दुसरा ५५५ मोनोस्टेबल पद्धतीने, १ मेगाओम आणि ०.१ मायक्रोफॅरड घेऊन जोडला की एका दाबण्याला सुमारे ०.११ सेकंदाचा एकच स्वच्छ ठोका मिळतो. ‘आपोआप’ की ‘हाताने’ हे निवडायला एक स्विच आणि थोडी गेट्स. शेवटी क्लॉक एका अँड गेटमधून न्या आणि त्याचं दुसरं इनपुट ‘थांब’ या संकेताच्या उलट ठेवा, म्हणजे प्रोग्रॅमला स्वतःचं मशीन थांबवता येईल.

क्लॉकची उलट प्रतही बाहेर काढून ठेवा. ती कशासाठी हे कंट्रोलमध्ये येईल, आणि सगळ्या प्रकल्पातला तो सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे.

बस आणि रजिस्टर

बस म्हणजे आठ समांतर तारा. मशीनचे सगळे भाग त्यांनाच जोडलेले असतात. ही एक बैठक आहे असं समजा: ऐकायला कितीही जण असोत, बोलायचं एका वेळी एकानेच. दोन चिप एकाच वेळी बसवर आल्या, एकीने ‘एक’ आणि दुसरीने ‘शून्य’ लावलं, तर तो जवळजवळ शॉर्ट सर्किट होतो आणि चिप तापतात. म्हणून बसवर लिहिणाऱ्या प्रत्येक भागाला तीन अवस्था लागतात: एक, शून्य, आणि तुटलेला. हे काम ७४एलएस२४५ करते. तिची पिन १९ ‘शून्य’ केली की दार उघडतं, ‘एक’ केली की बंद. दिशा ठरवणारी पिन १ कायमची एका बाजूला बांधून टाका.

रजिस्टर म्हणजे एक संख्या धरून ठेवणारी जागा. त्यासाठी प्रत्येकी चार बिटांच्या दोन ७४एलएस१७३ घ्या. या चिपमध्ये तिसरी अवस्था आधीच आहे, तरी मध्ये २४५ लावायचीच. कारण ए आणि बी रजिस्टरमधली संख्या बेरजेच्या सर्किटला सतत दिसत राहायला हवी, बसवर मात्र सांगितल्यावरच यायला हवी. म्हणून १७३ च्या पिन १ आणि २ ग्राउंडला बांधून तिचं आउटपुट कायम उघडं ठेवा, त्यावर एलईडी लावा, आणि बसपर्यंतचा रस्ता २४५ मधून न्या.

मग तपासणी. बसवर तारांनी एखादी संख्या लावा, ‘ए आत’ (बसवरची संख्या ए ने उचलावी हा संकेत) चालू करा, क्लॉकचं बटण एकदा दाबा. एलईडी त्या क्षणी बदलतात, आधी नाही. आता बसवरची संख्या बदला. रजिस्टर ढिम्म हलत नाही. १७३ फक्त क्लॉकच्या चढत्या कडेला, म्हणजे क्लॉक शून्यावरून एकावर जातो त्या क्षणी बघते, ही गोष्ट इथे मनात पक्की करा. असंच बी रजिस्टर आणि सूचनेचं रजिस्टर (पुढे याला आयआर म्हणू) जोडा. आयआरचे फक्त खालचे चार बिट बसवर परत येतात; वरचे चार कंट्रोलकडे जातात.

बेरीज आणि वजाबाकी

दोन ७४एलएस२८३ जोडल्या की आठ बिटांची बेरीज तयार. वजाबाकीसाठी वेगळं सर्किट लागत नाही. बी रजिस्टरचा प्रत्येक बिट ७४एलएस८६ च्या एक्सऑर गेटमधून न्या, सगळ्या गेट्सच्या दुसऱ्या इनपुटला ‘वजा’ ही एकच तार जोडा, आणि तीच तार पहिल्या २८३ च्या कॅरी-इनलाही (आत येणाऱ्या हातच्यालाही) द्या. ‘वजा’ शून्य असेल तर बी जसाच्या तसा जातो. एक असेल तर उलटतो आणि त्यात एक मिळतो. म्हणजेच दोनचा पूरक, द्विमान पद्धतीत ऋण संख्या लिहिण्याची रीत. चार बिटांवर पडताळून पाहा: ७ वजा ५ म्हणजे ०१११ + १०१० + १ = १ ००१०. डावीकडचा एक बाहेर पडतो आणि उरतात २. बाहेर पडलेला तो एक टाकून देऊ नका. वजाबाकीत त्याचा अर्थ ‘उसनं घ्यावं लागलं नाही’ असा होतो, आणि आपल्या गुणाकाराचा सगळा निर्णय त्याच्यावर उभा आहे.

मँचेस्टरमध्ये २१ जून १९४८ रोजी ‘बेबी’ या यंत्राने मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला, तेव्हा त्याच्याकडे बेरजेची सूचनाच नव्हती. वजाबाकी आणि ऋण करणं एवढ्यावर ते भागवत होतं. एवढ्या थोड्यात संगणक उभा राहू शकतो, हे अशा वेळी आठवलं की हुरूप येतो.

इथे एक प्रयोग करून पाहाच. बीमध्ये ३ ठेवा, ए शून्य करा. ‘बेरीज बाहेर’ आणि ‘ए आत’ दोन्ही एकाच वेळी चालू ठेवून क्लॉक चालवा. ए मध्ये ३, ६, ९ असं वाढत जातं, २५५ पर्यंत पोचतं आणि पुढच्या ठोक्याला २ होतं. बेरीज ए मधून निघते आणि ए मध्येच शिरते, तरी ती सुसाट पळत नाही, कारण ए फक्त चढत्या कडेच्या क्षणी डोळे उघडतं. एज-ट्रिगर फ्लिप-फ्लॉप कशासाठी, याचं याहून स्वच्छ उत्तर मला माहीत नाही.

मेमरी

जुन्या पद्धतीच्या सर्किटांमध्ये यासाठी ७४एलएस१८९ वापरत: १६ जागा, प्रत्येकी चार बिट. ती आता सहज मिळत नाही, आणि तिचं आउटपुट उलटं येतं, त्यामुळे पुढे इन्व्हर्टर लागतात. मी ६२२५६ ही स्टॅटिक रॅम सुचवेन. तिच्यात ३२ किलोबाइट आहेत. आपण खालच्या चार अ‍ॅड्रेस तारा वापरायच्या आणि उरलेल्या ग्राउंडला बांधायच्या. पुढे मशीन वाढवायचं झालं तर जागा तयारच आहे.

अ‍ॅड्रेस धरून ठेवायला एक १७३, हे एमएआर, म्हणजे मेमरी अ‍ॅड्रेस रजिस्टर. प्रोग्रॅम हाताने भरायचा असल्याने अ‍ॅड्रेससाठी छोटे स्विच आणि एमएआर यांपैकी एक निवडणारी ७४एलएस१५७ लागते. डेटाचे आठ स्विच स्वतःच्या २४५ मधून रॅमला जोडा, आणि भरण्याच्या वेळी रॅमचं आउटपुट बंद राहील याची काळजी घ्या. प्रोग्रॅम चालू असताना लिहिण्याचा संकेत ‘रॅम आत’ आणि क्लॉक यांच्या नँड गेटमधून द्या, म्हणजे क्लॉक वर असतानाच लिहिलं जाईल आणि अ‍ॅड्रेस बदलताना भलत्या जागी काही पडणार नाही. वीज दिल्यावर रॅममध्ये काहीही असू शकतं, म्हणून वापरायच्या सगळ्या जागा भरा.

प्रोग्रॅम काउंटर आणि आउटपुट

प्रोग्रॅम काउंटर (पुढे याला पीसी म्हणू) म्हणजे पुढची सूचना कुठल्या जागेवर आहे ते सांगणारी मोजणी. त्यासाठी एक ७४एलएस१६१ पुरते. ‘पीसी पुढे’ चालू असेल तर ठोक्यागणिक एकाने वाढते; ‘पीसी आत’ दिलं तर बसवरची संख्या उचलते. म्हणजे ‘जा’ ही सूचना म्हणजे काउंटरमध्ये संख्या भरणं, दुसरं काही नाही. लक्षात ठेवा, १६१ ची क्लिअर पिन ‘शून्य’ दिल्यावर काम करते आणि १७३ ची ‘एक’ दिल्यावर, त्यामुळे रीसेटच्या दोन्ही प्रती लागतात.

आउटपुटला आणखी एक रजिस्टर आणि आठ एलईडी. आकडे दशमानात दाखवणारा डिस्प्ले नंतर जोडता येतो. त्यात शिकण्यासारखं आहे, पण आत्ता त्यात अडकू नका.

कंट्रोल: सोळा तारांचं वेळापत्रक

इथवर प्रत्येक भाग तुम्ही हाताने तारा हलवून चालवत होता. कंट्रोल युनिट तेच काम करतं. आपल्याकडे सोळा संकेत आहेत: थांब, एमएआर आत, रॅम आत, रॅम बाहेर, आयआर आत, आयआर बाहेर, ए आत, ए बाहेर, बी आत, बेरीज बाहेर, वजा, आउटपुट आत, पीसी पुढे, पीसी बाहेर, पीसी आत, फ्लॅग आत. कुठलाही भाग जोडण्याआधी कागदावर स्वतः लिहून बघा: ‘१५ व्या जागेवरची संख्या ए मध्ये मिळव’ यासाठी कुठल्या ठोक्याला काय चालू हवं? उत्तर असं येतं:

ठोका ०: पीसी बाहेर, एमएआर आत
ठोका १: रॅम बाहेर, आयआर आत, पीसी पुढे
ठोका २: आयआर बाहेर, एमएआर आत
ठोका ३: रॅम बाहेर, बी आत
ठोका ४: बेरीज बाहेर, ए आत, फ्लॅग आत

पहिले दोन ठोके प्रत्येक सूचनेला सारखेच. सूचना आणणं ते हेच. पुढचे सूचनेनुसार बदलतात. मॉरिस विल्क्स यांनी १९५१ मध्ये मांडलेलं मायक्रोप्रोग्रॅमिंग म्हणजे हे वेळापत्रक गेट्सच्या गुंत्यात न बांधता एका मेमरीत लिहून ठेवणं.

ती मेमरी म्हणजे दोन २८सी१६ ईईप्रॉम, वीज गेली तरी लिहिलेलं टिकवणाऱ्या चिप. प्रत्येकीला ११ अ‍ॅड्रेस तारा आणि ८ आउटपुट, मिळून सोळा संकेत. अ‍ॅड्रेसमध्ये सूचनेचे चार बिट, ठोक्याचे तीन बिट, आणि कॅरी व शून्य हे दोन फ्लॅग: एकूण नऊ बिट, ५१२ ओळी. उरलेल्या दोन तारा ग्राउंडला. भरायला आर्डुइनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि अ‍ॅड्रेससाठी दोन ७४एचसी५९५ (शिफ्ट रजिस्टर) पुरतात. प्रत्येक बाइट लिहिल्यावर १० मिलिसेकंद थांबा. १७३ आणि २४५ च्या पिना ‘शून्य’ दिल्यावर काम करतात, म्हणून त्या संकेतांना इन्व्हर्टर लावा.

ठोके मोजायला दुसरी १६१, आणि तिच्यापुढे ७४एलएस१३८, म्हणजे मोजणीच्या प्रत्येक आकड्याला वेगळी तार देणारा डीकोडर. १३८ चं ५ क्रमांकाचं आउटपुट (क्रमांक ० पासून मोजून) १६१ च्या क्लिअरला जोडलं की मोजणी ० ते ४ होऊन परत शून्यावर येते.

आता क्लॉकची ती उलट प्रत. ठोक्यांची १६१ उलट क्लॉकवर चालवायची. ईईप्रॉमचा अ‍ॅड्रेस बदलल्यावर तिचं आउटपुट स्थिर व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात सोळा तारांवर काहीबाही उमटतं. ठोका उतरत्या कडेला बदलला, तर ही सगळी गडबड पुढच्या चढत्या कडेच्या आत शमते, आणि रजिस्टर पाहतात तेव्हा सगळं शांत असतं. दोन्ही गोष्टी एकाच कडेला केल्या तर मशीन कधी बरोबर, कधी चूक चालतं.

आणि फ्लॅग. कॅरी आणि ‘निकाल शून्य’ हे दोन बिट वेगळ्या १७३ मध्ये साठवायचे, फक्त बेरीज-वजाबाकीच्या वेळी. ‘कॅरी असेल तर जा’ या सूचनेच्या ईईप्रॉममध्ये दोन ओळी असतात: कॅरी एक असलेल्या ओळीत ठोका २ ला ‘आयआर बाहेर, पीसी आत’, कॅरी शून्य असलेल्या ओळीत काहीच नाही. संगणकाचा ‘निर्णय’ म्हणजे अ‍ॅड्रेसचा एक बिट. हे एकदा स्वतःच्या हाताने लिहिलं की सुरुवातीच्या त्या वाक्यातलं ‘अर्थ लावतं’ सुटून जातं.

पहिला प्रोग्रॅम, मग गुणाकार

इथे लागणाऱ्या सूचनांचे अंक असे धरू: आण ०००१, मिळव ००१०, वजा ००११, ठेव ०१००, जा ०११०, कॅरी असेल तर जा ०१११, दाखव १११०, थांब ११११. ३७ आणि २५ ची बेरीज:

जागा ०: ०००१ १११० (आण १४)
जागा १: ००१० ११११ (मिळव १५)
जागा २: १११० ०००० (दाखव)
जागा ३: ११११ ०००० (थांब)
जागा १४: ००१० ०१०१ (३७)
जागा १५: ०००१ १००१ (२५)

रीसेट करा आणि बटण एकेकदा दाबत, प्रत्येक ठोक्याला बस, एमएआर, आयआर, ए, बी पाहत जा. पुढच्या ठोक्याला काय दिसणार हे आधी स्वतः सांगा, मगच दाबा. शेवटी आउटपुटवर ००११ १११० म्हणजे ६२.

मग ७ गुणिले ९, वारंवार बेरीज करून:

०: आण १५
१: वजा १२
२: कॅरी असेल तर जा ६
३: आण १३
४: दाखव
५: थांब
६: ठेव १५
७: आण १३
८: मिळव १४
९: ठेव १३
१०: जा ०
१२: १
१३: ०
१४: ७
१५: ९

१६ जागांपैकी फक्त ११ वी रिकामी. प्रत्येक फेरीत आठ सूचना, म्हणजे ४० ठोके. नऊ फेऱ्या आणि शेवट धरून ३८८ ठोके. सेकंदाला एक या वेगाने साडेसहा मिनिटं लागतात, आणि एकदा तरी पूर्ण बसून पाहावं असं ते दृश्य आहे. पुन्हा चालवताना १३ आणि १५ या जागा परत भराव्या लागतात. रीसेटने रॅम पुसली जात नाही.

चालत नसेल तर

आधी चिपवर बोट ठेवून पाहा. चांगलीच तापली असेल तर बसवर दोघं एकदम बोलत आहेत किंवा चिप उलटी बसली आहे. मग पॉवर मोजा. मग मोकळ्या सुटलेल्या इनपुट पिना शोधा: एलएस चिप मोकळ्या पिनेला बहुतेक वेळा ‘एक’ मानते, पण त्यावर विसंबू नका. याच कारणाने कोणीच बोलत नसताना बसवर सगळे ‘एक’ दिसू शकतात. तो दोष नाही. १० किलोओमने बस खाली ओढायचा प्रयत्नही फसतो, कारण एलएसच्या एका इनपुटमधून ०.४ मिलिअँपिअरपर्यंत बाहेर येतात आणि १० किलोओमवर तेवढ्यानेच व्होल्टेज ‘शून्य’च्या पातळीच्या वर राहतं.

निकाल चूक येतो, पण दर वेळी तोच चूक येतो? मग तार किंवा ईईप्रॉममधली ओळ चुकली आहे. बहुतेकदा बिटांचा क्रम उलटा लागलेला असतो. निकाल दर वेळी वेगळा येतो? मग क्लॉक, पॉवर किंवा सैल तार. हा एक भेद सगळ्यात जास्त वेळ वाचवतो.

पुढे

पहिली भर तारेला हात न लावता घालता येते. १००१ हा अंक रिकामा आहे. त्याला ‘थेट मिळव’ म्हणा, म्हणजे सूचनेतलेच खालचे चार बिट ए मध्ये मिळवायचे. ठोका २: आयआर बाहेर, बी आत. ठोका ३: बेरीज बाहेर, ए आत, फ्लॅग आत. ईईप्रॉम पुन्हा लिहिली की प्रोसेसरला नवी सूचना आली.

मेमरी १६ वरून २५६ बाइटवर न्यायची तर चार बिटांचा अ‍ॅड्रेस पुरणार नाही, आणि सूचना दोन बाइटची करावी लागेल: पहिल्यात अंक, दुसऱ्यात अ‍ॅड्रेस. पीसीला दुसरी १६१, एमएआरला दुसरी १७३, अ‍ॅड्रेस निवडायला दुसरी १५७, आणि रॅमच्या आणखी चार तारा सोडवायच्या. ‘आण’ मग अशी होते. ठोका २: पीसी बाहेर, एमएआर आत. ठोका ३: रॅम बाहेर, एमएआर आत, पीसी पुढे. ठोका ४: रॅम बाहेर, ए आत. ती पाच ठोक्यांत बसते. ‘मिळव’ला मात्र सहावा ठोका लागतो, म्हणून १३८ च्या ५ क्रमांकाच्या आउटपुटवरची क्लिअरची तार काढून ६ क्रमांकाच्या आउटपुटवर लावा.